गच्चीची चावी माझ्याकडे होती

मी तीस वर्षं संशय घेण्याचा पगार घेतला. एका मंत्रालयाच्या दक्षता विभागात होतो. समोरचा माणूस खरं बोलतोय असं धरून चालायचं नाही, हे तिथलं पहिलं काम. निवृत्तीनंतर टेबल गेलं, सवय राहिली. भाजीवाल्यानं स्वतःहून कोथिंबीर जास्त दिली, तर मी मेथीची जुडी उलटून खालची पानं बघतो. माझी बायको नंदा म्हणते, तुम्हाला देवानं प्रसाद दिला तरी तुम्ही विचाराल, कालचा तर नाही ना.

हे मी माझ्या आजारपणाबद्दल लिहितोय. गेल्या नोव्हेंबरात आमच्या इमारतीच्या जिन्यात आग लागली. ज्वाळा मी पाहिल्याच नाहीत. जे काही झालं ते धुरानं झालं. अकरा दिवस रुग्णालयात होतो, आणि पुढचे तीन महिने घरात एका खुर्चीपासून दुसऱ्या खुर्चीपर्यंत. आमच्यासारख्या इमारती दिल्लीत गल्लोगल्ली आहेत. तिथे राहणाऱ्या कुणाला उपयोग झाला तर व्हावा, म्हणून हे लिहितोय.

दुसरंही एक कारण आहे. या प्रकरणात मी पोलिसांना जबाब दिला, आणि त्यातली एक ओळ खोटी होती. ती कोणती, ते पुढे येईल.

टाकी आणि वही

आर. के. पुरमचा सरकारी क्वार्टर सोडायची वेळ आली तेव्हा आम्ही पालमच्या पलीकडे एका अरुंद गल्लीत फ्लॅट घेतला. खाली गाड्या, वर तीन मजले, मजल्यावर एकेक बिऱ्हाड, आणि एकच जिना. जिन्याच्या पायथ्याशी विजेचे मीटर, त्याच भिंतीवर स्कूटर चार्ज करायचा प्लग. पहिल्या मजल्यावरचे मेहरा नवराबायको सकाळी सातलाच दुकानावर जातात. दुसऱ्या मजल्यावर आम्ही. तिसऱ्यावर पाटोळे वहिनी आणि सुभेदार पाटोळे, फौजेतून निवृत्त झालेले, साताऱ्याकडचे. मुलगाही फौजेत, लांब कुठेतरी. म्हणून सून अश्विनी आणि तीन वर्षांची नात जुई यांच्याजवळ.

इथे प्रत्येक बिऱ्हाडाची गच्चीवर आपापली काळी टाकी असते. सकाळी पाणी येतं तेव्हा मोटर लावून ती भरायची आणि दिवसभर पुरवायची. गेल्या उन्हाळ्यात आमची टाकी दुपारी दोनलाच रिकामी व्हायला लागली. माझ्या मनात लगेच एकच नाव आलं. तिसऱ्या मजल्यावर माणसं चार, आणि गच्ची त्यांच्या डोक्यावर.

मी गच्चीच्या दाराला कुलूप लावलं. चावी माझ्याकडे, आमच्या दाराच्या आतल्या बाजूच्या खिळ्यावर. सरकारी कचेरीत असते तशी चावीची वही केली. नाव, चावी नेल्याची वेळ, परत केल्याची वेळ, सही. मेहरा हसले आणि त्यांनी गच्चीवर जायचंच सोडलं. सुभेदार मात्र दर वेळी शिस्तीत सही करायचे. पूर्ण नाव, आणि खाली ‘सुभेदार (निवृत्त)’. टाकी तरीही दुपारी रिकामीच. त्यावरून मी निष्कर्ष काढला, की यांच्याकडे दुसरी चावी असणार.

आगीच्या आधीच्या आठवड्यात ते आमच्या दारात आले.

‘सबनीस साहेब, एक चावी आमच्याकडे राहू द्या. घरात लहान पोर आहे. उद्या आग-बिग लागली, तर काय वहीत सह्या करत बसायचं?’

‘आग लागली तर बघू,’ मी म्हणालो.

‘पाणी चोरतो, असं सरळ म्हणा ना.’

मी तसं म्हणालो नाही, पण नाही असंही म्हणालो नाही. त्यांचा आवाज चढला, माझाही चढला. त्या दिवसापासून आमचं बोलणं बंद झालं. नंदाचं आणि पाटोळे वहिनींचं मात्र चालू होतं. दोघी रोज सकाळी बागेत फिरायला जायच्या आणि आम्हा दोघांना हसत परत यायच्या.

वास

नोव्हेंबरात दिल्लीला जळका वास येतो. कुणी म्हणतं पराली, म्हणजे पंजाब-हरियाणाच्या शेतात जाळतात ती भाताची धसकटं, कुणी म्हणतं कचरा, कुणी म्हणतं शेजारच्या चौकीदाराची शेकोटी. पुण्याहून आलेला पाहुणा पहाटे उठून ‘काहीतरी जळतंय’ म्हणतो, आणि आम्ही त्याला हसतो.

त्या सकाळी आठच्या सुमाराला मी चहा घेत होतो. नंदा पाटोळे वहिनींबरोबर बागेत गेलेली. वास आला. मी सगळे दिल्लीकर करतात तेच केलं. उठून खिडक्या लावल्या, बाल्कनीचं दार लावलं आणि आमच्या मुलीनं, केतकीनं, आणून दिलेलं हवा शुद्ध करायचं यंत्र सुरू केलं. धूर बाहेरून येतोय अशीच आमची सगळ्यांची समजूत असते. तो जिन्यातून येत होता.

यंत्राचा दिवा हिरव्याचा लाल झाला. मला वाटलं, यंत्र फसवतंय, गाळणी बदलायला लावायची ही यांची युक्ती. मग वीजच गेली. वीज गेली की आम्ही आधी समोरच्यांकडे बघतो. समोर ट्यूब चालू होती. म्हणजे फक्त आमचीच गेली. खाली कुणीतरी आमच्या मीटरशी खेळतंय, असा मी तर्क केला. मीटरचा भाग बरोबर होता.

वाचणाऱ्यांना हात जोडून सांगतो, हिवाळ्यात जळका वास आला तर खिडकीकडे जाण्याआधी आपल्या दाराच्या फटीशी नाक न्या. तिथे वास जास्त असेल तर ती पराली नव्हे.

दार

दारावर थापा पडू लागल्या. घंटी सोडून थापा कशाला, हे मला खटकलं. वीज गेल्यावर घंटी वाजणार नाही, हे सुचलं नाही. दारातल्या बारीक भिंगाला डोळा लावला. बाहेर काळंकुट्ट. भिंगावर बोट ठेवून उभे राहणारे चोर असतात, असं मी गल्लीच्या ग्रुपवर वाचलं होतं. बाहेर कुणीतरी खोकत होतं आणि खोकल्यातून एकच शब्द कळत होता. चावी. मला वाटलं, चोर आहे. मी आतूनच म्हणालो, ‘नंतर या.’

थापा आणखी तीन-चार पडल्या आणि थांबल्या.

मग मी खाली बघितलं. दाराखालून करडा धूर माझ्या पायमोज्यांवर येत होता. भिंगावर कुणाचंही बोट नव्हतं.

इथे मी आणखी एक चूक केली. दार उघडलं. अशा वेळी आधी दाराला हाताची पाठ लावून बघायची असते. दार गरम असेल किंवा फटीतून धूर येत असेल, तर ते उघडायचं नसतं. मी ते सताड उघडलं आणि धूर मला ढकलून आत आला. मी एकच श्वास घेतला असेन. घशात कुणी जळकं फडकं कोंबल्यासारखं झालं. डोळे मिटले ते उघडेनात. गुडघ्यांवर पडलो, आणि पडल्यामुळेच वाचलो, कारण जमिनीलगत वीतभर हवा बरी होती. पायानं दार लोटलं.

नंदानं न्हाणीघरात बादलीत चादर भिजत घातली होती. रांगत गेलो, ती तशीच ओढत आणली आणि दाराच्या फटीत कोंबली. ओला नॅपकिन नाकातोंडावर धरला. बाल्कनीत गेलो आणि बाल्कनीचं दार पाठीमागे लावून घेतलं. एवढं मात्र बरोबर केलं, असं फायरवाले नंतर म्हणाले.

वर बघितलं तर तिसऱ्या मजल्याच्या बाल्कनीत अश्विनी उभी होती. जुईला कडेवर घेतलेलं, दोघींच्या तोंडावर ओली ओढणी. तिनं मला बघितलं आणि ओरडली, ‘काका, बाबा तुमच्याकडे आलेत ना?’

मी खोकत होतो. मला उत्तर देता आलं नाही. मान हलवता आली असती.

शिडी

लग्नाचा मोसम होता. गल्लीच्या तोंडाशी टेंटवाले दिव्यांच्या माळा लावत होते. अग्निशमनची गाडी दोन्ही बाजूंच्या उभ्या मोटारींमुळे आत येईना, पण टेंटवाल्यांची शिडी आली. बांबूची, सुतळीनं बांधलेली. ती माझ्या बाल्कनीला टेकली, आणि मी तिच्या गाठी बघत उभा राहिलो. खाली जमलेल्यांपैकी अर्ध्यांना मी ओळखत नव्हतो. घर उघडं टाकून उतरलो तर वर कोण चढेल, हा विचार त्याही वेळी मनात आला. आता लिहिताना लाज वाटते.

मिशीवाला एक टेंटवाला वर चढून आला होता. त्यानं माझा घोटा धरला आणि म्हणाला, ‘अंकल, सोचो मत. पैर रखो.’

मी पाय ठेवला. एक एक करून त्यानंच माझे पाय पायऱ्यांवर ठेवले.

ती शिडी तिसऱ्या मजल्यापर्यंत पोचत नव्हती. अश्विनीला आणि जुईला थोड्या वेळानं फायरवाल्यांनी आपल्या शिडीनं उतरवलं. सुभेदारांना मी उतरताना पाहिलं नाही. समोरच्यांनी मला आपल्या आतल्या खोलीत नेऊन बसवलं, आणि त्या खोलीची खिडकी मागच्या बाजूला होती. पुढे जाऊन बघावं असं मला वाटलं नाही.

‘मी ठीक आहे’

रुग्णवाहिका आली होती. मी बसायला नकार दिला. हे लोक ठरलेल्या खाजगी रुग्णालयात नेऊन घालतात, असा माझा पक्का समज होता. खोकला कमी झाला होता, पाणी पीत होतो, बोलत होतो. नंदा धावत आली, तिला म्हणालो, मी ठीक आहे. तिचे डोळे लाल होते. ती माझ्याकडे बघत होती, पण तिचं लक्ष दुसरीकडे होतं. हे मी तेव्हाच टिपलं.

दुपारी बाराला माझा आवाज बदलला. थुंकी काळी आली. एक वाजता शिट्टीसारखा श्वास यायला लागला आणि घशात काही मावेनासं झालं. धूर असाच खेळतो. तासन्तास गप्प बसतो आणि मग आतून सूज आणतो. धुरातून बाहेर आलेल्या माणसानं ‘मी ठीक आहे’ म्हटलं तर त्याचं ऐकू नका. उचलून न्या.

रुग्णालयाचं नाव सांगत नाही. तिथल्या डॉक्टर बाई वयानं केतकीएवढ्या होत्या. बोटाला चिमटा लावला, त्यावर आकडा चांगला आला. मी नंदाकडे विजयी मुद्रेनं बघितलं. बाई म्हणाल्या, ‘धुएँ के बाद मैं इस मशीन पे भरोसा नहीं करती,’ आणि मनगटाच्या नसेतून रक्त काढायला लावलं. सुई फार दुखली. पण यंत्रावर संशय घेणारी डॉक्टर मला पहिल्यांदाच भेटली होती, त्यामुळे मी हात पुढे करून ठेवला.

रक्तातला आकडा वाईट निघाला; धुरातला विषारी वायू रक्तात भिनलेला चिमट्याला कळत नाही. बाईंनी माझ्या नाकातले जळके केस बघितले, घशात बघितलं आणि स्पष्ट सांगितलं, की सूज वाढली तर नळी घालावी लागेल, आणि मग काही दिवस मला बोलता येणार नाही. मी घाबरलो. आयुष्यात इतका कधी घाबरलो नव्हतो. मास्कच्या आत मला माझाच श्वास ऐकू येत होता आणि प्रत्येक श्वास मी मोजत होतो, की हा आधीच्यापेक्षा छोटा तर नाही ना.

नळी घालावी लागली नाही. रात्रभर तोंडावर ऑक्सिजन आणि दर काही तासांनी औषधाची वाफ. सकाळी वॉर्डातल्या मावशींनी ओल्या बोळ्यानं माझे ओठ पुसले. तेवढ्यानंच मला रडू आलं.

तपास

दुसऱ्या दिवसापासून दिनक्रम लागला. सकाळी रक्त, मग वाफ, मग पाठीवर थापट्या मारणारा फिजिओथेरपिस्ट. त्यानं तीन रंगीत चेंडूंचं एक प्लास्टिकचं खेळणं दिलं. नळीतून श्वास ओढून चेंडू वर उचलायचे. पहिल्या दिवशी एकही हलला नाही. शेजारच्या खाटेवरचे गुप्ताजी तिन्ही उचलायचे आणि माझ्याकडे बघायचे. यांच्या खेळण्याची स्प्रिंग सैल असावी असा मला संशय होता. त्यात स्प्रिंग नसते.

तिसऱ्या दिवशी पोलीस आले. एक फौजदार, हातात पॅड. आग मीटरपाशी लागली, स्कूटरच्या चार्जिंगच्या वायरीतून, हे त्यांना कळलंच होतं. तरी त्यांनी मला विचारलं, ‘आपके दरवाज़े पे कोई आया था?’

‘हाँ. पता नहीं कौन था. आवाज़ पहचान नहीं पाया. मुझे लगा चोर है.’

त्यांनी लिहून घेतलं. का विचारताय, असं मी विचारलं नाही. हे माझ्या स्वभावाला सोडून होतं.

त्याऐवजी मी दुसराच तपास सुरू केला. नंदा आणि केतकी माझ्यापासून काहीतरी लपवत होत्या, यात शंका नव्हती. नंदा म्हणायची, केतकी ऑफिसला गेली होती. केतकी म्हणायची, मी आईबरोबरच होते. भेटायची वेळ पाच ते सात, पण साडेपाचलाच दोघी ‘जरा चहा घेऊन येतो’ म्हणून उठायच्या. चहाचं कँटीन तळमजल्यावर. माझ्या खाटेवरून लिफ्ट दिसायची, आणि लिफ्टचा बाण वर जायचा. हातात डबा असायचा. परत येताना डबा नसायचा.

वर मोठ्या डॉक्टरांची खोली होती. म्हणजे माझी फुप्फुसं गेली आहेत आणि मला सांगायचं नाही असं ठरलंय. नर्स जेवायला गेल्यावर मी माझी फाईल काढून वाचली. सगळे आकडे सुधारत होते. मी ठरवलं, की ही मला दाखवायची फाईल, खरी वेगळी असणार.

सहाव्या दिवशी मी सापळा लावला. केतकी एकटी आली तेव्हा म्हणालो, ‘आईनं सगळं सांगितलंय मला.’

केतकी दिल्लीत वाढली. तिला खोटं बोलता येतं, पण मराठीत नीट येत नाही. ती खुर्चीत बसली आणि म्हणाली, ‘मग तुम्ही इतके शांत कसे, बाबा? ते व्हेंटिलेटरवर आहेत.’

‘कोण?’

‘तुम्हाला काहीच सांगितलं नाहीये ना आईनं.’

‘केतकी, माझ्या रिपोर्टमध्ये काय आहे?’

‘बाबा, सगळं तुमच्याबद्दल नसतं यार,’ ती म्हणाली आणि रडायला लागली. ‘तुमचे रिपोर्ट बिल्कुल ठीक आहेत. पाटोळे काका वर आयसीयूत आहेत. आम्ही रोज वहिनींना डबा देतो.’

तिनं सांगितलं ते असं. धूर दिसल्यावर सुभेदार सुनेला आणि नातीला घेऊन वर गेले. गच्चीला कुलूप. त्यांनी दोघींना परत घरात नेलं, दार लावून बाल्कनीत उभं राहायला सांगितलं आणि स्वतः चावी आणायला धुरात एक मजला खाली उतरले. फायरवाल्यांना ते आमच्या मजल्यावरून वर जाणाऱ्या पायऱ्यांवर सापडले. पालथे पडलेले.

केतकीनं माझ्या हातावर हात ठेवला. ‘तुम्हाला चोर वाटला, तुमची काय चूक. कोणालाही वाटलं असतं.’

जबाब

वर मी लिहिलं आहे, की मला चोर वाटला. पोलिसांना, नंदाला, केतकीला, सगळ्यांना तेच सांगितलं होतं. ते खरं नाही.

मी आवाज ओळखला होता. पहिल्या खोकल्यालाच ओळखला. चार वर्षं वरच्या मजल्यावरून रोज सकाळी ऐकलेला खोकला होता तो. ‘साहेब, चावी,’ असे दोन शब्द होते, आणि मला साहेब म्हणणारा माणूस त्या इमारतीत एकच. मला वाटलं, हा पुन्हा भांडायला आलाय. भिंगावर बोट ठेवून माझी मस्करी करतोय. म्हणून म्हणालो, नंतर या. चोराला कुणी ‘नंतर या’ म्हणतं का? माझ्यासमोर असा जबाब कुणी दिला असता, तर मी त्याला तिथेच पकडलं असतं.

आणि रुग्णालयात सहा दिवस मी जीव तोडून माझ्या फुप्फुसांचा तपास केला, तो दुसरा प्रश्न विचारावा लागू नये म्हणून. सुभेदार कुठे आहेत, एवढंच विचारायचं होतं. लपवणाऱ्या त्या दोघी नव्हत्या, किंवा एकट्या त्या दोघी नव्हत्या.

दुसऱ्या दिवशी पाचला येऊन नंदा संत्रं सोलत होती, तेव्हा मी तिला सांगितलं. मास्क काढून सांगितलं. तिनं संत्र्याचे दोरे काढायचे थांबवले नाहीत.

‘मला माहीत होतं,’ ती म्हणाली.

‘कधीपासून?’

‘तुम्ही चोर म्हणालात तेव्हापासूनच. तुम्ही आणि आवाज ओळखणार नाही? मेहरांची चप्पल कुठली ते तुम्ही जिन्यातल्या आवाजावरून सांगता.’

‘मग बोलली का नाहीस?’

‘तुम्ही स्वतः सांगाल का, ते बघत होते.’ तिनं एक फोड माझ्या हातात दिली आणि दुसऱ्या हातानं मास्क पुन्हा तोंडावर चढवला. फोड तशीच हातात राहिली. त्या दिवशी ती साडेपाचच्या आधीच वर गेली.

तिच्यात आणि माझ्यात त्यानंतर बरेच दिवस नुसतं औषधांपुरतं बोलणं होतं. आजारपणानं घरं जवळ येतात असं लिहिणारे लिहितात. आमचं तसं लगेच झालं नाही. ती वाफेची वेळ चुकवायची नाही, पथ्याचं करायची, आणि बोलायची नाही.

घरी आल्यावर, पहिल्यांदा जिना उतरता आला त्या दिवशी मी चौकीत गेलो. फौजदारांना म्हणालो, मला जबाब बदलायचा आहे. त्यांनी ऐकून घेतलं. ‘अब क्या फ़र्क़ पड़ता है, अंकल? आग तो शॉर्ट सर्किट से लगी थी.’ मी म्हणालो, लिहून घ्या. त्यांनी पॅड माझ्याकडे सरकवलं, आणि मीच लिहिलं.

पावती

सुभेदारांची नळी तोंडातून काढून गळ्यातून घातली होती. महिन्याभरानंतर ते साध्या वॉर्डात आले. मला तपासणीसाठी जायचंच होतं. पाटोळे वहिनींनी निरोप पाठवला की भेटून जा. कशासाठी बोलावलंय याचे मी रस्ताभर चार-पाच अर्थ लावले.

ते उशाला टेकून बसले होते. निम्मे झाले होते. गळ्यात नळी, तिच्याभोवती पांढरी पट्टी, त्यामुळे बोलता येत नव्हतं. मांडीवर शाळेची दोनशे पानी वही आणि पेन. वहिनींनी मला खुर्ची दिली आणि म्हणाल्या, ‘भाऊजी, तुमचा चेहरा फार उतरलाय हो.’ माझा. मला तिथून उठून जावंसं वाटलं.

सुभेदारांनी वहीत लिहिलं आणि वही माझ्याकडे फिरवली. अक्षर हललेलं होतं, पण ओळखीचं होतं.

‘माझा आवाज ओळखला होता का?’

वहिनी बघत होत्या. खोटं बोलायला ती सगळ्यात सोपी जागा होती. बाहेर धूर होता, ते खोकत होते, मधे दार होतं. शिवाय त्यांना उलटतपासणी घेता येत नव्हती.

‘हो,’ मी म्हणालो. ‘ओळखला होता. वाटलं, भांडायला आलात. म्हणून उघडलं नाही.’

वहिनींनी तोंडाला पदर लावला. सुभेदारांच्या गळ्यातल्या नळीतून श्वासाचा आवाज येत होता, तेवढाच. मला माफी मागायची होती, पण खोकला आला. त्यांनी पलंगाशेजारचा पाण्याचा ग्लास माझ्याकडे सरकवला. मी प्यालो.

कुलूप फायरवाल्यांनी कधीच तोडलं होतं. आता गच्चीच्या दाराला नुसती कडी आहे, आणि मीटर जिन्यातून बाहेरच्या भिंतीवर गेले आहेत. त्या चावीचा काही उपयोग राहिला नव्हता. तरी मी ती खिळ्यावरून काढून बरोबर आणली होती. का, ते मला सांगता येणार नाही. खिशातून काढली आणि त्यांच्या वहीवर ठेवली.

त्यांनी ती उचलली. उलटसुलट करून बघितली आणि उशीखाली ठेवली. मग पेन घेतलं, भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं आणि सावकाश लिहायला लागले. वेळ लिहिली. ‘गच्चीची चावी मिळाली’ असं लिहिलं. खाली सही केली. पूर्ण नाव, आणि त्याखाली ‘सुभेदार (निवृत्त)’. पान फाडून माझ्या हातात दिलं.

तो राग होता, की थट्टा, की नुसती सवय, मला कळलं नाही. पूर्वीचा मी असतो तर घरी पोचेपर्यंत शोधून काढलं असतं. मी पानाची घडी घातली आणि खिशात ठेवली.

आमची टाकी अजूनही दुपारी दोनला रिकामी होते. मी बघायला वर गेलेलो नाही.